तीन नंबरचा सिलिंडर गरम दाखवतोय: तो उतरवण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. छोट्या विमानाचं, चार सिलिंडरचं, कार्ब्युरेटरवर चालणारं लायकॉमिंग ओ-३२० इंजिन, प्रोपेलर फिक्स्ड पिचचा. चारही सिलिंडरचं तापमान दाखवणारा नवा इंजिन मॉनिटर बसवला आणि तेव्हापासून ३ नंबर डोळ्यांत खुपतोय. चढताना तो ४२५ अंश फॅरनहाइट, म्हणजे साधारण २१८ सेल्सियस. बाकीचे तिघे ३६० ते ३७५. क्रूझमध्ये तो ३८५ आणि बाकीचे ३३५ ते ३५०. ईजीटीचे (एक्झॉस्टच्या वायूच्या तापमानाचे) चारही आकडे पन्नास अंशांच्या आत. कॉम्प्रेशन ७६/८०, म्हणजे ८० च्या दाबातला ७६ टिकतो. जुना, एकाच काट्याचा सीएचटी (सिलिंडर हेडच्या तापमानाचा) मीटर पॅनेलवर अजून तसाच आहे. कुणीतरी सल्ला दिला आहे की ३ नंबर उतरवून ओव्हरहॉलला पाठवा.

सिलिंडरला हात लावू नका. निदान आत्ता तरी नाही. सिलिंडर जास्त तापणं हे लक्षण आहे, आणि त्याची बहुतेक कारणं सिलिंडरच्या बाहेर असतात: प्रोबमध्ये (तापमान मोजणाऱ्या सेन्सरमध्ये), वायरमध्ये, बॅफलमध्ये (हवेला वाट दाखवणाऱ्या पत्र्यांमध्ये), इनटेक पाइपमध्ये. ७६/८० कॉम्प्रेशन असलेला सिलिंडर काढला, नवा बसवला आणि तो नवाही तितकाच तापला, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की असा सल्ला ऐकला की मला काळजी वाटते. सिलिंडर काढण्यात स्वतःची जोखीम आहे, त्यावर शेवटी येतो.

सगळ्यात आधी आकडा खरा आहे का ते पाहा. तुमच्या वर्णनात मला एक गोष्ट लगेच टोचली, ती म्हणजे जुना मीटर अजून पॅनेलवर आहे. त्याचा प्रोब कुठे आहे? लायकॉमिंगच्या हेडला प्रोबसाठी खालच्या बाजूला एकच आटे पाडलेलं भोक असतं. कारखान्याचा प्रोब ज्या सिलिंडरवर आहे, तिथे ते भोक आधीच भरलेलं असतं. मग मॉनिटर बसवणारा बाकीच्या तीन सिलिंडरना त्या भोकात बसणारा बेयोनेट प्रोब लावतो आणि चौथ्याला स्पार्क प्लगखाली बसणारा वॉशरसारखा प्रोब. म्हणजे तीन आकडे हेडमधल्या एका जागेचे आणि एक आकडा प्लगच्या बुडाचा. या दोन जागांचं तापमान मुळातच सारखं नसतं. वीस-तीस अंशांचा फरक सहज पडतो, कधी त्याहून जास्त. प्लग वरचा आहे की खालचा, त्याच्यावर गार हवा थेट येते की नाही, यावर तो फरक वर जाईल की खाली हे ठरतं.

म्हणून काउलिंग (इंजिनावरचं आवरण) काढा आणि ३ नंबरवर जुना प्रोब आहे का ते डोळ्यांनी पाहा. असेल तर एक सोपी चाचणी आहे. ३ नंबरचा वॉशर प्रोब काढून १ नंबरच्या त्याच जागेच्या प्लगखाली लावा. ३ वरचा खालचा प्लग असेल तर १ वरचाही खालचाच. १ नंबरचा बेयोनेट प्रोब तसाच ठेवा. दोन्ही एकाच बाजूचे, पुढचा आणि मागचा, त्यामुळे वायर बहुधा पुरते. आता एकाच सिलिंडरचे दोन आकडे एकाच उड्डाणात मिळतील आणि वॉशर प्रोब किती जास्त दाखवतो ते कळेल. तो तीस अंश जास्त दाखवत असेल तर तुमच्या साधारण पंचावन्न अंशांच्या फरकातले तीस तिथेच गेले. प्लग काढलाच आहे तर तो टॉर्क रेंचनेच परत घट्ट करा आणि वॉशर प्रोब लावताना प्लगचा तांब्याचा गॅस्केट काढायचा की ठेवायचा हे प्रोबच्या सूचनापत्रात पाहून ठरवा.

दुसरी चाचणी फुकट आहे. विमान रात्रभर उभं राहिल्यावर, इंजिन सुरू करण्याआधी, फक्त मास्टर (विजेचा मुख्य स्विच) चालू करा. चारही सीएचटी एकमेकांशी आणि बाहेरच्या हवेच्या तापमानाशी दोन-चार अंशांत जुळले पाहिजेत. न जुळणारा प्रोब किंवा त्याचा जोड संशयित. पण जुळले म्हणून निश्चिंतही होऊ नका. सीएचटीचे प्रोब बहुधा जे-टाइप थर्मोकपल असतात, एक तार लोखंडाची आणि एक कॉन्स्टंटनची. मॉनिटरपर्यंतची वायरही त्याच धातूंची लागते. मध्येच कुणी साध्या तांब्याच्या वायरचा तुकडा जोडला, तर इंजिन गार असताना सगळं बरोबर दिसतं आणि इंजिनाची खोली तापली की तो आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू लागतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्या: कधी कधी गरम दिसणारा सिलिंडर खरं सांगत असतो आणि गार दिसणारे खोटं. म्हणून चारही वायरी मॉनिटरपर्यंत हाताने चाचपत जा, एकाच वायरीवर थांबू नका. जोडांची टोकं सैल नाहीत ना, वायर एक्झॉस्टला टेकून भाजलेली नाही ना, तेही त्यातच दिसेल.

एवढं करून ३ नंबर खरंच गरम निघाला, असं धरून पुढे जाऊ.

आता फरक कधी वाढतो आणि कधी कमी होतो याकडे पाहा. माझ्या मते हा सगळ्यात मोलाचा पुरावा आहे आणि बहुतेक जण तो न पाहताच पाना हातात घेतात. एक उड्डाण फक्त यासाठी करा. एकाच उंचीवर, हवा शांत असताना, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, मग थोडा कमी करून, मग बराच कमी करून, प्रत्येक ठिकाणी तापमान स्थिर होईपर्यंत थांबा आणि चारही सीएचटी, चारही ईजीटी, आरपीएम, वेग आणि बाहेरचं तापमान लिहून घ्या. मॉनिटरमध्ये डेटा साठत असेल तर उत्तमच. सोबत दुसरा वैमानिक असू द्या. आकडे लिहिणारी नजर बाहेर नसते.

इनटेक पाइपमधून बाहेरची हवा आत शिरत असेल तर त्याची खूण ठरलेली आहे. पूर्ण थ्रॉटलला पाइपमधला दाब जवळपास बाहेरच्या हवेइतकाच असतो, म्हणून फटीतून फारसं काही आत येत नाही. थ्रॉटल ओढला की आत पोकळी तयार होते, हवा आत ओढली जाते आणि त्या सिलिंडरचं मिश्रण पातळ होतं. म्हणजे गळती असेल तर फरक कमी थ्रॉटलला वाढायला हवा, पूर्ण थ्रॉटलला मिटायला हवा, आणि आयडलला इंजिन खडबडीत चालायला हवं. तुमच्याकडे नेमकं उलट आहे: पूर्ण थ्रॉटलला, चढताना, फरक सगळ्यात जास्त. म्हणून गळती माझ्या यादीत खाली जाते. तरी काउलिंग उघडलंच आहे तर पाइपला जोडणारे रबरी होज दाबून पाहा, क्लिप घट्ट आहेत का पाहा, सांध्याजवळ इंधनाच्या रंगाचे निळे डाग शोधा. खात्रीच हवी असेल तर व्हॅक्यूम क्लीनरचं फुंकणारं तोंड एअर फिल्टरच्या बाजूने लावून हलका दाब द्या आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी सोडा. बुडबुडे जागा दाखवतात. प्रायमरची (इंजिन सुरू करताना जास्तीचं इंधन देणाऱ्या हातपंपाची) दांडी पूर्ण आत जाऊन लॉक होते का तेही पाहा. ती सैल राहिली तर ज्या सिलिंडरना प्रायमरची नळी आहे त्यांनाच जास्तीचं इंधन जातं आणि चित्र उगाच गोंधळाचं होतं.

मिश्रणाचा प्रश्न थोडा वेगळा. ईजीटीचे आकडे सारखे आहेत म्हणजे मिश्रण सारखं आहे, असा अर्थ काढू नका. ईजीटीचा प्रोब एक्झॉस्ट पाइपवर अर्धा इंच वर-खाली बसला तरी आकडा बदलतो. बघायचं ते हे, की मिक्स्चर हळूहळू मागे ओढताना कोणत्या सिलिंडरची ईजीटी आधी शिखर गाठते. ही चाचणी ६५ टक्के शक्ती किंवा त्याखाली करा. जो आधी शिखरावर जातो तो सगळ्यात पातळ. शिखराच्या रिच, म्हणजे जास्त इंधनाच्या बाजूला, साधारण ४० ते ५० अंशांवर, सीएचटी सर्वाधिक असते. म्हणून इतर तिघे भरपूर इंधनावर गार चालत असताना पातळ सिलिंडर या गरम पट्ट्याच्या जवळ येऊन बसतो. ३ नंबर सगळ्यांच्या बराच आधी शिखर गाठत असेल तर इंधनवाटप हा खरा संशयित.

कार्ब्युरेटरच्या इंजिनात चारही सिलिंडरना सारखं इंधन कधीच मिळत नाही, आणि ते पूर्ण मिळवण्याच्या नादी लागूही नये. पण एक चाचणी करून पाहा. समतल उड्डाणात, सुरक्षित उंचीवर, पूर्ण थ्रॉटलवरून आरपीएम जेमतेम हलेल इतकाच तो मागे घ्या. थ्रॉटलची पाती थोडी तिरकी झाली की तिच्या मागे हवा घुसळते आणि इंधनाचे थेंब जास्त सारखे विखुरतात. एवढ्यानेच ईजीटी एकमेकांच्या जवळ आल्या आणि ३ नंबर खाली आला, तर उत्तर मिळालं. थोडी कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा) देऊनही असाच परिणाम दिसतो. इंजिन इंजेक्शनचं असतं तर गोष्ट सोपी होती: दोन सिलिंडरचे नोझल अदलाबदल करायचे आणि गरमी नोझलबरोबर हलते का पाहायचं.

हे सगळं सांगूनही, तुमच्या आकड्यांवरून माझा पहिला संशय हवेवर आहे. चढताना शक्ती पूर्ण, वेग कमी, गार करणारी हवा कमी. तिथे फरक सगळ्यात मोठा. क्रूझमध्ये वेग वाढला की फरक थोडा आवळतो. आणि सिलिंडर आहे उजवीकडचा मागचा. लायकॉमिंगचे आकडे पुढून मोजतात: उजवा पुढचा १, डावा पुढचा २, उजवा मागचा ३, डावा मागचा ४.

इंजिनाच्या वरची जागा ही दाबाची खोली आहे. समोरून हवा येते, वर दाब तयार होतो आणि तिला खाली जायला एकच वाट ठेवलेली असते: सिलिंडरच्या फिनांमधून, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांमधून. बॅफल आणि त्यांच्या कडेची रबरी सील यांचं काम बाकीच्या सगळ्या वाटा बंद करणं. हवेला फट मिळाली की ती फिनांमधून जात नाही, फटीतून जाते. बोटभर फट दिसायला क्षुल्लक वाटते, पण तिथून निसटलेली हवा नेमकी एखाद्या हेडच्या वाट्याची असते.

तपासायचं असं. अंधारात किंवा हँगरचे दिवे घालवून, वरचं काउलिंग बसवलेलं असताना, पुढच्या हवेच्या तोंडातून प्रखर टॉर्च आत धरा आणि खालून, मागून पाहा. जिथून प्रकाशाची रेघ दिसते तिथून हवाही जाते. मग काउलिंग काढून त्याची आतली बाजू पाहा. सील जिथे नीट टेकतं तिथे रंगावर घासल्याचा सलग, मंद पट्टा उमटलेला असतो. हा पट्टा जिथे तुटतो, आणि रंग नव्यासारखा चकचकीत असतो, तिथे सील उड्डाणात काउलिंगला टेकतच नाही. मागच्या उजव्या कोपऱ्यात हा पट्टा तुटलेला सापडला तर मला अजिबात आश्चर्य वाटणार नाही. कोपऱ्यात दोन सील एकमेकांना भेटतात तिथे एक हमखास बाहेर दुमडलेलं असतं. सील नेहमी आत, दाबाच्या बाजूला वळलेलं हवं, म्हणजे हवेचा दाबच त्याला काउलिंगवर चिकटवतो. बाहेर वळलेलं सील जमिनीवर ठीक दिसतं आणि उड्डाणात उघडतं.

त्यानंतर खालून पाहा. १ आणि ३ नंबरच्या मध्ये, खालच्या बाजूला, बॅफलचा एक छोटा पत्रा असतो. तो हवेला बॅरल आणि हेडच्या खालच्या अंगाला लपेटून जायला लावतो. वरून तो दिसत नाही, म्हणून दुरुस्तीनंतर तो परत बसवायचा राहून जातो, किंवा त्याला धरणारी तार तुटून तो लोंबतो. एका विमानात हा पत्रा टूलबॉक्सच्या तळाशी सापडला होता. सिलिंडर बदलणाऱ्याला तो कुठला हेच कळलं नव्हतं. तो जागेवर बसवला आणि प्रश्न संपला.

३ नंबरची आणखी एक खासियत. लायकॉमिंगचे सिलिंडर दोन्ही बाजूंना एकच असतात, फक्त वळवून बसवलेले. हेडच्या दोन अंगांपैकी एका अंगाच्या फिना उथळ असतात. ते अंग ३ नंबरला मागे येतं आणि २ नंबरला पुढे. तिथे बॅफलचा पत्रा फिनांना अगदी चिकटून बसला, तर हवेला खाली जायला वाटच उरत नाही आणि त्या अंगाचा मोठा भाग कोंडतो. वरून पाहिलं तर बॅफल घट्ट आणि सुबक दिसतं. पण घट्ट म्हणजे चांगलं, हे या एका जागी लागू नाही. स्वतः बांधलेल्या विमानांमध्ये लोक इथे पत्रा वॉशर घालून थोडा मागे सरकवतात किंवा हवेसाठी छोटा बोळ करतात, आणि फरक लगेच दिसतो. तुमचं विमान प्रमाणित प्रकारचं असेल तर बॅफलचा आकार मनाने बदलू नका. मूळ आकारात दुरुस्ती करा, आणि त्यापुढे काही करायचं तर मंजूर कागदपत्रांवरच, परवानाधारक अभियंत्याच्या सहीने.

हेड जवळून पाहतच आहात तर एक बारीक, सरळ तार घ्या आणि ३ नंबरच्या प्रत्येक दोन फिनांमधून वरून खाली घाला, विशेषतः प्लगच्या आणि एक्झॉस्टच्या आसपास. तीच तार १ नंबरच्याही त्याच जागांमधून घाला. ओतकामात उरलेला पातळ धातूचा पडदा काही फटींमध्ये तसाच राहिलेला असतो, तिथे तार अडते. कधी तिथे आरटीव्ही सीलंटचा जुना गोळा असतो, कधी कुंभारमाशीचं घर, कधी पक्ष्याच्या घरट्यातलं गवत. मऊ घाण काढा. धातूचा पडदा मात्र अभियंत्याला दाखवून, निर्मात्याच्या सूचनेप्रमाणेच काढायचा, कारण फिनेला चीर गेली तर ती हेडमध्ये उतरते. ऑइल कूलर मागच्या बॅफलवर असेल तर त्याची हवा कोणत्या सिलिंडरवरून येते तेही पाहा. कूलर आपल्या शेजाऱ्याच्या वाट्याची हवा खातो.

इग्निशनबद्दल थोडक्यात. मॅग्नेटोचं (प्लगना ठिणगी पुरवणाऱ्या यंत्राचं) टायमिंग पुढे गेलं असेल तर चारही सिलिंडर तापतात आणि ईजीटी खाली येते, एकटा ३ नंबर नाही. एक प्लग मेला असेल तर त्या सिलिंडरची ईजीटी वाढते आणि सीएचटी उलट थोडी घसरते. क्रूझमध्ये एकेक मॅग्नेटोवर चालवून पाहा: चारही ईजीटी वाढल्या पाहिजेत, आणि ज्याची कोसळते तिथला चालू मॅग्नेटोचा प्लग किंवा वायर दोषी.

व्हॉल्व्हसाठी पुढच्या तपासणीत बोअरस्कोप (सिलिंडरच्या आत पाहणारा बारीक कॅमेरा) घाला. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावरचा रंग मध्यापासून सारखा पसरलेला हवा. एका कडेला हिरवट-फिकट चंद्रकोर दिसली तर तो व्हॉल्व्ह तिथे नीट बसत नाही. कॉम्प्रेशन चांगलं असूनही हे दिसू शकतं. कॅमचा लोब (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) झिजला तर सिलिंडर गार होतो, गरम नाही, आणि या इंजिनात समोरासमोरचे दोन सिलिंडर एकच इनटेक लोब वापरतात, म्हणून जोडीने गार होतात. तुमचं चित्र ते नाही.

उड्डाण चालू ठेवायचं का? या इंजिनाची सीएचटीची लाल रेषा ५०० अंशांची, म्हणजे २६० सेल्सियसची आहे. पण ती तिथे चालवायची परवानगी नव्हे. ४०० च्या वर अॅल्युमिनियमची ताकद झपाट्याने उतरते आणि हेडचं आयुष्य कमी होतं. मी स्वतः क्रूझमध्ये ४०० च्या खालीच ठेवतो आणि चढताना ४२० ओलांडू लागला की नाक खाली करून वेग वाढवतो, मिक्स्चर पूर्ण रिच आहे ना ते पाहतो. म्हणून कारण सापडेपर्यंत उथळ आणि वेगाने चढा. एक गोष्ट मात्र वाट न पाहता करायची: सीएचटी सेकंदाला एक अंशाहून वेगाने चढू लागली आणि त्याच सिलिंडरची ईजीटी पडू लागली तर ते प्रीइग्निशन आहे, म्हणजे ठिणगीआधीच मिश्रण पेटतंय. लगेच थ्रॉटल कमी, मिक्स्चर रिच, आणि जवळची धावपट्टी. त्यानंतर प्लग आणि बोअरस्कोप तपासल्याशिवाय उड्डाण नाही.

दुरुस्ती करताना एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर तेच उड्डाण, त्याच उंचीवर, तसंच परत करा. बाहेरचं तापमान वेगळं असेल तर निव्वळ आकडे जुळवू नका, ३ नंबर आणि बाकी तिघांच्या सरासरीतला फरक जुळवा. सील नीट केलं, पत्रा जागेवर बसवला आणि फरक २५-३० वर आला तर माझ्या दृष्टीने काम झालं. अशा इंजिनात तेवढा फरक राहतोच.

आणि एवढ्या सगळ्यानंतर बोअरस्कोपने खरोखरच सिलिंडर काढायला लावला, तर कोण काढणार आहे ते नीट पाहा. या सिलिंडरना धरणारे काही लांब बोल्ट क्रँककेसच्या आरपार जाऊन समोरच्या सिलिंडरपर्यंत पोचतात आणि तेच मुख्य बेअरिंगना आवळून धरतात. सिलिंडर उतरवला की ती पकड सुटते. अशा वेळी क्रँकशाफ्ट फिरवला तर बेअरिंगचे कवच जागेवरून सरकू शकतं. म्हणून सिलिंडर बाहेर असेपर्यंत त्या बोल्टांवर टॉर्क प्लेट (पकड टिकवणारी पट्टी) हवी, बसवताना फ्लँजवर आणि नटाखाली रंगाचा थर अजिबात नको, आणि आरपार बोल्ट दोन्ही टोकांनी, मॅन्युअलमधल्या क्रमानेच आवळायला हवेत. हे तुम्ही न विचारता जो स्वतःहून सांगेल, त्याच्याच हाती हे काम द्या.